गेस्टला काय दिसतं, ते आधी तपासा: व्हर्च्युअल हार्डवेअरच्या टेस्ट सांभाळताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका टीमकडे खासगी क्लाउडसाठी स्वतःचं पायथनमधलं सॉफ्टवेअर आहे. वापरकर्ता कोअर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क निवडतो. सॉफ्टवेअर त्यातून लिबव्हर्टचं (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाचं) एक्सएमएल, म्हणजे मशीनचं लेखी वर्णन, बांधतं आणि क्यूईएमयूवर, म्हणजे हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, मशीन उभं राहतं. या मशीनमध्ये चालणारी ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे गेस्ट, आणि ज्या खऱ्या सर्व्हरवर हे सगळं चालतं तो होस्ट. टेस्ट म्हणजे शेकडो इनपुट फाइली आणि प्रत्येकीची अपेक्षित आउटपुट फाइल. क्यूईएमयूची आवृत्ती वाढली की निम्म्याहून जास्त टेस्ट लाल, म्हणजे नापास, होतात. मग कुणीतरी सगळं आउटपुट नव्याने तयार करणारी कमांड चालवतं, हजारो ओळींचा डिफ (जुन्या-नव्या फाइलींतल्या फरकांची यादी) येतो आणि रिव्ह्यू करणारा वरवर नजर टाकून मान्यता देतो. त्यांचं म्हणणं: या टेस्टमधून काही सापडत नाही, तेव्हा त्या काढून मोजक्या खऱ्या बूट टेस्ट लिहाव्यात का?

काढू नका. पण आज त्या जशा आहेत तशा ठेवण्यातही अर्थ नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्रास संख्येचा नाही. एकाच फाइलमध्ये दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि टेस्ट दोन्हींना सारखंच वागवते, खरी अडचण ही आहे.

क्यूईएमयूच्या कमांड लाइनवर एक डिस्क कशी लिहिली जाते ते पाहा. तिचे दोन भाग असतात. ब्लॉकडेव्ह हा पर्याय सांगतो की होस्टवर डेटा कुठे आहे: कोणती फाइल, क्यूकाऊ२ की रॉ (डिस्क फाइलचे दोन प्रकार), कॅश कशी वापरायची. डिव्हाइस हा पर्याय सांगतो की गेस्टला काय दिसणार: व्हर्टिओ ब्लॉक (खास व्हर्च्युअल मशीनसाठीचं डिव्हाइस) की साटा (नेहमीच्या डिस्कची जोडणी), कोणत्या पीसीआय बसवर (डिव्हाइस जोडण्याच्या मार्गावर), कोणत्या स्लॉटमध्ये, कोणत्या सीरियल नंबरने. नेटवर्क कार्डाचंही तसंच, नेटडेव्ह मागची बाजू आणि डिव्हाइस पुढची. मागची बाजू बदलली तरी गेस्टला पत्ता लागत नाही. लिबव्हर्टने जुना ड्राइव्ह पर्याय सोडून ब्लॉकडेव्ह वापरायला सुरुवात केली तेव्हा असंख्य आउटपुट फाइली बदलल्या, पण आधीपासून चालत असलेल्या एकाही मशीनला त्यामुळे वेगळं हार्डवेअर दिसायला नको होतं. त्या सगळ्या बदलात तपासण्यासारखी मुख्य गोष्ट हीच होती.

पुढची बाजू मात्र बदलली की मशीनच्या मालकाला लगेच कळतं. लिनक्स गेस्टमध्ये नेटवर्क इंटरफेसचं नाव पीसीआय पत्त्यावरून ठरतं. क्यू३५ या नव्या चिपसेटच्या मशीनवर लिबव्हर्ट साधारणपणे प्रत्येक व्हर्टिओ डिव्हाइस स्वतंत्र पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टमागे ठेवतं, म्हणून पहिल्या कार्डाचं नाव बहुतेक वेळा ईएनपी१एस० असं येतं. आय४४०एफएक्स या जुन्या चिपसेटच्या मशीनवर तेच कार्ड ईएनएस३ म्हणून दिसतं. तुमच्या कोडने एक कंट्रोलर आधी घातला, कार्ड एक बस पुढे सरकलं, नाव बदललं, आणि गेस्टमधली नेटवर्कची कॉन्फिगरेशन फाइल जुन्याच नावाची वाट पाहत राहते. मशीन बूट होतं, पण नेटवर्कवर येत नाही. विंडोजमध्ये दुसऱ्या स्लॉटमधलं कार्ड म्हणजे नवं कार्ड, त्यामुळे जुन्याला दिलेला कायमचा आयपी पत्ता त्याला मिळत नाही. डिस्कचा कंट्रोलर साटावरून व्हर्टिओ झाला आणि विंडोजमध्ये ड्रायव्हर नसेल, तर निळा पडदा आणि ०x७बी हा कोड. लाइव्ह मायग्रेशनमध्ये, म्हणजे चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवताना, तर दोन्ही टोकांना हार्डवेअर तंतोतंत सारखं लागतं. तिथे फरक असला तर मायग्रेशन अडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे पार पडतं आणि गेस्ट नंतर कधीतरी कोलमडतो.

म्हणून डिफ समोर आला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही ओळ गेस्टला दिसते का? दिसत नसेल तर बदल योग्य आहे का एवढं पाहून आउटपुट नव्याने तयार करा, काही हरकत नाही. दिसत असेल तर दुसरा प्रश्न: हा बदल नव्या मशीनपुरता आहे की आधीच तयार असलेल्या मशीनलाही लागू होतो? नव्या मशीनचा डीफॉल्ट बदलणं हा निर्णय आहे, तो कुणीतरी घेतलेला असावा आणि कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) लिहिलेला असावा. जुन्या मशीनचं हार्डवेअर बदलणं हा दोष आहे, मग टेस्ट नव्या आउटपुटसह हिरवी झालेली असली तरी.

तुमच्या टेस्टमध्ये हा भेद कुठेच नोंदलेला नाही, म्हणून रिव्ह्यू करणाऱ्यालाही तो दिसत नाही. माझा पहिला सल्ला असा की आउटपुट फाइल एकच ठेवू नका. तुलना करताना एक लहानसा गाळणारा कोड लिहा, जो तयार झालेल्या एक्सएमएलमधून फक्त गेस्टला दिसणाऱ्या गोष्टी काढून वेगळ्या फाइलमध्ये लिहील: मशीन टाइप (चिपसेट आणि त्याची आवृत्ती सांगणारं नाव), सीपीयू मॉडेल आणि त्याची फीचर्स, फर्मवेअर, प्रत्येक डिव्हाइसचं मॉडेल, त्याचा पत्ता, मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता), सीरियल, एसएमबायोसमधली माहिती (फर्मवेअर गेस्टला मशीनबद्दल सांगतं ती). एका ओळीत एक गोष्ट. ही फाइल म्हणजे गेस्टशी केलेला करार. ती नव्याने तयार करणाऱ्या कमांडने आपोआप बदलता येऊ नये. त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागला पाहिजे, आणि तो दिलेल्या कमिटला दुसऱ्या अनुभवी माणसाची मान्यता लागली पाहिजे. उरलेलं सगळं नेहमीच्या आउटपुट फाइलमध्ये राहू द्या आणि तिथे नव्याने तयार करण्याची कमांड मोकळेपणाने वापरा.

आता लिबव्हर्ट स्वतः हे कसं सांभाळतं ते पाहू, कारण त्या लोकांनी याच प्रश्नाशी बराच काळ झुंज घेतली आहे. लिबव्हर्टचं काम २००५ मध्ये सुरू झालं, केव्हीएम (गेस्टचा कोड थेट खऱ्या सीपीयूवर चालवू देणारा भाग) लिनक्स कर्नलमध्ये आलं २.६.२० मध्ये, म्हणजे फेब्रुवारी २००७ मध्ये. तेव्हापासून साचलेल्या टेस्ट तिथे आहेत. गाभा असा: एक इनपुट एक्सएमएल, त्यातून तयार होणारी क्यूईएमयूची पूर्ण कमांड लाइन, आणि तेच एक्सएमएल वाचून परत लिहिल्यावर डीफॉल्ट भरून येणारं एक्सएमएल. पूर्वी कमांड लाइनची टेस्ट वेगळी होती आणि एक्सएमएलची वेगळी, दोघींच्या याद्या वेगळ्या आणि त्या एकमेकींपासून दूर जायच्या. नंतर दोन्ही एकत्र केल्या. तुमच्याकडे अशा समांतर याद्या असतील तर त्या आधी एक करा. एका इनपुटची एक नोंद, आणि तिच्यातून निघणारी सगळी आउटपुट एकाच वेळी तपासली गेली पाहिजेत.

कमांड लाइनची फाइल ते एका ओळीत एक पर्याय अशी मोडून लिहितात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळा डिफ वाचनीय राहतो तो यामुळेच. तुमच्या एक्सएमएलमध्ये ॲट्रिब्यूटचा क्रम पायथनच्या डिक्शनरीवर सोडलेला असेल तर तो आधी पक्का करा. रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांना दिलेला प्रत्येक निरर्थक फरक पुढच्या खऱ्या फरकाकडे दुर्लक्ष करायला शिकवतो.

लिबव्हर्टची दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. टेस्ट चालवायला क्यूईएमयू इन्स्टॉल असावं लागत नाही. क्यूईएमयूच्या प्रत्येक आवृत्तीला काय काय येतं, याची उत्तरं एकदा त्या बायनरीला विचारून फाइलमध्ये साठवलेली असतात, आवृत्ती आणि आर्किटेक्चरनुसार. टेस्ट त्या साठवलेल्या उत्तरांवर चालते. त्यामुळे एकाच इनपुटची तीन वर्षांपूर्वीच्या क्यूईएमयूसाठी काय कमांड लाइन निघते आणि आजच्यासाठी काय, हे एकाच लॅपटॉपवर शेजारी शेजारी पाहता येतं. बहुतेक टेस्ट ‘सगळ्यात नवी आवृत्ती’ या नावाखाली असतात. जिथे जुन्या आवृत्तीसाठी वेगळी वाट आहे तिथे त्या आवृत्तीच्या नावाने दुसरी नोंद असते. पूर्वी टेस्ट लिहिणारा माणूस हाताने हव्या तेवढ्या क्षमतांची यादी द्यायचा. त्यातून असं क्यूईएमयू तयार व्हायचं जे जगात कधीच अस्तित्वात नव्हतं: नवी एक क्षमता आहे, पण तिच्याआधीच्या दहा नाहीत. अशी टेस्ट हिरवी असून काहीच सिद्ध करत नाही. तुमच्या मॉकमध्ये (टेस्टपुरत्या उभ्या केलेल्या नकलेत) असं काल्पनिक क्यूईएमयू असण्याची शक्यता मोठी आहे. खऱ्या बायनरीकडून क्यूएमपीवर (क्यूईएमयूला प्रश्न विचारण्याच्या त्याच्या स्वतःच्या भाषेत) उत्तरं घ्या, फाइलमध्ये ठेवा, आणि हाताने लिहिलेल्या क्षमतांच्या याद्या हळूहळू संपवा.

आवृत्ती वाढल्यावर निम्म्या टेस्ट का लाल होतात, त्याचं कारण मी न पाहताही बहुधा सांगू शकतो: मशीन टाइप. इनपुटमध्ये नुसतं ‘क्यू३५’ लिहिलं की ते टोपणनाव त्या क्यूईएमयूच्या सर्वात नव्या नावात बदलतं, जसं पीसी-क्यू३५-८.२. क्यूईएमयूच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघतात, म्हणजे वर्षातून तीनदा प्रत्येक फाइलमध्ये एक ओळ बदलणार. लिबव्हर्टच्या टेस्ट ‘सगळ्यात नवी आवृत्ती’ वापरताना हे टोपणनावाचं रूपांतर मुद्दाम काढून टाकतात, त्यामुळे आउटपुटमध्ये साधं नावच राहतं. तुम्हीही तसंच करा. मात्र त्याच्या जोडीला दोन-तीन टेस्ट अशा ठेवा ज्यांचं काम फक्त एवढंच: टोपणनाव दिलं की साठवताना पूर्ण आवृत्तीचं नाव साठवलं जातं का, आणि आधीच साठवलेलं पूर्ण नाव नंतर कुणी बदलत नाही ना. हा तपास सगळ्या फाइलींमध्ये पसरलेला असला की कुणीच तो वाचत नाही, एका जागी असला की वाचला जातो.

इथे ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरमधल्या नोव्हाचं, म्हणजे मशीन उभी करणाऱ्या भागाचं, उदाहरण सांगण्यासारखं आहे, कारण त्याची रचना तुमच्या सॉफ्टवेअरच्या जवळची आहे. हार्ड रीबूटच्या वेळी (मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करताना) नोव्हा एक्सएमएल नव्याने बांधतं. मग होस्टवरचा डीफॉल्ट मशीन टाइप कुणी बदलला, तर जुनं मशीन पुढच्या हार्ड रीबूटला नव्या चिपसेटवर उठणार. २०२१ च्या वॉलाबी आवृत्तीपासून नोव्हा प्रत्येक इन्स्टन्सचा (मशीनचा) मशीन टाइप त्याच्या नोंदीत साठवून ठेवतं आणि तो बदलायला वेगळी प्रशासकीय कमांड लागते. तुमचं सॉफ्टवेअर डेटाबेसमधून दर वेळी एक्सएमएल नव्याने बांधतं की लिबव्हर्टकडे साठवलेलं तसंच राहू देतं? पहिलं असेल तर पीसीआय पत्तेही तुम्हालाच साठवावे लागतील. लिबव्हर्ट मशीन डिफाइन करताना पत्ते ठरवून एक्सएमएलमध्ये लिहितं, ते याचसाठी. ते फेकून देऊन दर वेळी कोरं एक्सएमएल पाठवलं, तर मधली एक डिस्क काढल्यावर मागची सगळी डिव्हाइस पुढे सरकतील.

यासाठी एका पायरीच्या टेस्ट पुरत नाहीत. दोन पायऱ्यांची टेस्ट लिहा. पहिल्या पायरीत मशीन तयार करा, दुसऱ्या पायरीत त्यात एक डिस्क जोडा किंवा मधलं नेटवर्क कार्ड काढा, आणि तपासा फक्त एवढंच की उरलेल्या डिव्हाइसचे पत्ते जसेच्या तसे आहेत. वर सांगितलेली कराराची फाइल इथे फार उपयोगी पडते: दुसऱ्या पायरीनंतर तिच्यात एक ओळ वाढली किंवा कमी झाली पाहिजे, बाकी एकही बदलता कामा नये. वेळ थोडा असेल तर नव्या टेस्टमध्ये सर्वात आधी याच लिहा. ज्या चुका ग्राहकाला रात्री फोन करायला लावतात त्या इथे सापडतात.

पुन्हा गोंगाटाकडे, म्हणजे डिफमधल्या निरर्थक फरकांकडे. यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि मॅक यादृच्छिक तयार होत असतील तर टेस्टमध्ये ते ठरावीक मिळायला हवेत. क्यूईएमयूच्या मॅकचे पहिले तीन बाइट ५२:५४:०० असतात, ते तसेच ठेवून पुढचे पक्के करा, म्हणजे आउटपुट खऱ्यासारखं दिसतं. होस्टवर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट मॉक करा: केव्हीएमचं डिव्हाइस आहे की नाही, किती नूमा नोड (सीपीयू आणि मेमरीचे गट), ह्यूजपेज (मेमरीची मोठी पानं) किती, पासथ्रूसाठी (थेट गेस्टला देण्यासाठी) कोणती पीसीआय कार्डं. लिबव्हर्ट यासाठी टेस्टच्या वेळी स्वतःच्या मॉक लायब्ररी आधी लोड करतं आणि सिसएफएसची (लिनक्समध्ये हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलींची) खोटी डिरेक्टरीही उभी करतं. पायथनमध्ये तुम्हाला हे खूप सोपं पडेल. कसोटी साधी: केव्हीएम नसलेल्या लॅपटॉपवर आणि मोठ्या सर्व्हरवर तीच टेस्ट तेच आउटपुट देते का.

इनपुट लहान ठेवा. लिबव्हर्ट काही डिव्हाइस न मागता घालतं, उदाहरणार्थ यूएसबी कंट्रोलर आणि मेमरी बलून (गेस्टची मेमरी कमी-जास्त करणारं डिव्हाइस). तुमची टेस्ट डिस्कच्या कॅशबद्दल असेल तर इनपुटमध्ये या दोघांना ‘नाही’ म्हणून स्पष्ट लिहा. मग बलूनचा डीफॉल्ट बदलला तरी डिस्कची टेस्ट लाल होणार नाही. आणि डीफॉल्टच तपासायचे असतील तर त्यासाठी एक टेस्ट ठेवा, जिच्यात मुद्दाम काहीच सांगितलेलं नाही. ‘सगळी डिव्हाइस एकत्र’ अशी एखादी भली मोठी टेस्ट असायला हरकत नाही, पत्ते वाटण्याचा कोड तिथे चांगला ताणला जातो. पण अशा एक-दोनच. दहा झाल्या की कोणताही बदल दहा ठिकाणी उमटतो.

व्हर्ट-इन्स्टॉल या नवं मशीन तयार करणाऱ्या साधनाच्या टेस्टमधून आणखी एक गोष्ट शिकता येते. ते साधन गेस्टच्या ऑपरेटिंग सिस्टमनुसार योग्य हार्डवेअर निवडतं आणि ती माहिती ओएसइन्फो-डीबी या वेगळ्या संग्रहातून येते. संग्रह वेगळ्या वेळापत्रकाने बदलतो. मग तुमच्या कोडमध्ये एक अक्षरही न बदलता आउटपुट बदलू शकतं. बाहेरची माहिती वापरणाऱ्या टेस्टसाठी दोनच प्रामाणिक मार्ग आहेत: त्या माहितीची आवृत्ती टेस्टसोबत बांधून ठेवा, किंवा कोणत्या आवृत्तीपासून ही टेस्ट लागू आहे ते टेस्टच्या नोंदीत लिहा आणि त्याआधीच्या वातावरणात ती वगळा. ‘आज सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) जे मिळालं ते’ हा तिसरा मार्ग नको.

कमिटचा क्रम. याबद्दल मी टीममध्ये हट्टी असतो. बग दुरुस्त करताना पहिल्या कमिटमध्ये फक्त नवी टेस्ट घाला, आजच्या चुकीच्या आउटपुटसह. कमिटच्या मजकुरात लिहा की हे आउटपुट चुकीचं आहे आणि का. दुसऱ्या कमिटमध्ये कोड दुरुस्त करा आणि आउटपुट बदला. आता त्या दुसऱ्या कमिटचा डिफ म्हणजे दुरुस्तीचा नेमका परिणाम, तीन-चार ओळींत. टेस्ट आणि दुरुस्ती एकाच कमिटमध्ये आली तर फक्त नवी फाइल दिसते, आधी काय होतं ते कुणालाच दिसत नाही. आवृत्ती वाढवतानाही तेच: नव्या क्यूईएमयूची साठवलेली उत्तरं एका कमिटमध्ये, त्यामुळे आपोआप बदललेली आउटपुट त्याच कमिटमध्ये, आणि नव्या क्षमतेचा वापर करणारा कोड त्यानंतर, वेगळा. पहिल्या कमिटमध्ये कराराच्या फाइली बदलल्या तर थांबायचं आणि कारण शोधायचं. नुसती आवृत्ती वाढवून गेस्टचं हार्डवेअर बदलायला नको.

मोठा यांत्रिक बदल कधीतरी येतोच. क्यूईएमयू ६.२ पासून डिव्हाइस पर्याय जेसन या डेटा लिहिण्याच्या पद्धतीत देता येऊ लागला आणि लिबव्हर्टने तो स्वीकारला, तेव्हा जवळपास प्रत्येक आउटपुट फाइलमधल्या डिव्हाइसच्या ओळी बदलल्या. असा डिफ माणसाने ओळीगणिक वाचणं अशक्य आहे, तसा आग्रहही धरू नये. तिथे एक छोटी स्क्रिप्ट लिहा, जी जुनी ओळ आणि नवी ओळ दोन्ही वाचून एकाच रूपात आणेल आणि मग तुलना करेल. रिव्ह्यू त्या स्क्रिप्टचा करा. जे तिच्यातून सुटेल तेवढंच हाताने पाहा. जेसनमध्ये आकडा आणि स्ट्रिंग यांतला फरक चालवून घेतला जात नाही, त्यामुळे सुटणाऱ्या गोष्टींत खरे दोष असू शकतात.

जेसनचा एक फायदाही घ्या. ब्लॉकडेव्ह, नेटडेव्ह आणि ऑब्जेक्ट यांचा आराखडा क्यूईएमयू स्वतः क्यूएमपीवरून देतं. लिबव्हर्टच्या टेस्ट तयार झालेलं जेसन त्या आराखड्याशी ताडून पाहतात. क्यूईएमयूने एखादी प्रॉपर्टी काढून टाकली, किंवा कालबाह्य म्हणून खूण केली, तर मशीन सुरू न करताच कळतं. डिव्हाइस पर्यायाला मात्र हा आराखडा पूर्ण मिळत नाही, त्यामुळे गेस्टला दिसणारा भागच नेमका या तपासाबाहेर राहतो. तो राहतो म्हणून खरं क्यूईएमयू चालवण्याची गरज उरते, आणि तुमच्या ‘खऱ्या बूट टेस्ट’ इथे उपयोगी पडतात.

पण पूर्ण बूटची गरज नाही. क्यूईएमयू सीपीयू थांबवलेल्या अवस्थेत सुरू करता येतं. कमांड लाइन वाचली जाते, सगळी डिव्हाइस तयार होतात, पत्ते वाटले जातात, आणि गेस्टची एकही सूचना चालत नाही. डिस्कच्या जागी नल-को हा काहीच न साठवणारा ब्लॉक ड्रायव्हर दिला की फाइलीही लागत नाहीत. प्रवेगक म्हणून टीसीजी (सीपीयूची सॉफ्टवेअरमधली नक्कल) दिला की बऱ्याच कॉन्फिगरेशनसाठी केव्हीएमही लागत नाही. होस्टचं सीपीयू तसंच्या तसं पुढे देणाऱ्या मशीन मात्र खऱ्या केव्हीएमवरच तपासाव्या लागतील. चालू झालेल्या प्रक्रियेला क्यूएमपीवरून पीसीआयची यादी विचारा, कराराच्या फाइलशी जुळवा, बंद करा. रात्रीच्या पाइपलाइनमध्ये सगळ्या इनपुट फाइली यातून सहज जातात. ऑपरेटिंग सिस्टमसह पूर्ण बूट मग मोजक्याच ठेवा: विंडोजची एक, सुरक्षित बूटची (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या बूटची) एक, आणि जुन्या आवृत्तीवर तयार केलेल्या मशीनची एक.

मायग्रेशनसाठीही स्थिर तपास आहे. क्यूईएमयूला एखाद्या मशीन टाइपच्या अवस्थेची रचना जेसनमध्ये लिहून द्यायला सांगता येतं आणि दोन आवृत्त्यांच्या अशा फाइली ताडून पाहणारी स्क्रिप्ट क्यूईएमयूच्या सोर्समध्येच आहे. तुम्ही स्वतः पॅच केलेलं क्यूईएमयू वापरत असाल तर हा तपास चुकवू नका.

नकारात्मक टेस्टबद्दल थोडं. तुम्ही पाठवलेल्या यादीत त्या जवळपास नाहीत. कॉन्फिगरेशनच्या सॉफ्टवेअरचं अर्धं काम नाही म्हणणं हे असतं. आय४४०एफएक्सवर पाचवी आयडीई (जुन्या जोडणीची) डिस्क, क्यू३५ वर आयडीई कंट्रोलर, सुरक्षित बूट मागितला पण मशीन क्यू३५ नाही, एक्स८६ वर २५५ च्या पुढे व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) पण आयओएमएमयूचा (डिव्हाइसचा मेमरीशी संपर्क सांभाळणाऱ्या भागाचा) विस्तारित इंटरप्ट मोड नाही: प्रत्येकासाठी इनपुट आणि अपेक्षित त्रुटीचा मजकूर. मजकूर पूर्ण साठवा. नुसतं ‘अपयश आलं पाहिजे’ असं लिहिलं तर इनपुटमधल्या टंकचुकीमुळेही टेस्ट हिरवी राहते आणि जो नियम तपासायचा होता तो कधीच तपासला जात नाही. अशी वर्षानुवर्षं चुकीच्या कारणाने पास होणारी टेस्ट शोधणं अवघड असतं.

काय काढून टाकायचं? ज्या आवृत्त्यांचा आधार तुम्ही अधिकृतपणे थांबवला त्यांची साठवलेली उत्तरं आणि त्यांच्या नावाच्या नोंदी, आधार थांबवणाऱ्या त्याच मालिकेत काढा. क्यूईएमयूमध्ये आता आवृत्तीचं नाव असलेले मशीन टाइप तीन वर्षांनी कालबाह्य ठरतात आणि सहा वर्षांनी काढले जातात, त्यामुळे तुमच्याकडेही ही तारीख दिसायला हवी. एखाद्या ग्राहकाचं मशीन अजून त्या नावावर चालू असेल तर टेस्ट काढण्याआधी त्याचं काय करायचं ते ठरलं पाहिजे. कोणत्याही नोंदीत न वापरलेल्या फाइली सापडल्या की टेस्ट संच अपयशी ठरेल असा तपास घाला, त्याला दहा ओळी लागतात. आउटपुट इनपुटसारखंच असेल म्हणून सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) ठेवत असाल तर सावध: नव्याने तयार करणारी कमांड त्या दुव्यातून थेट इनपुटवर लिहू शकते. आणि ‘ही टेस्ट कशाची आहे’ हे फाइलच्या नावावरून कळत नसेल तर आधी नाव बदला. ‘टेस्ट-४७’ काढायची हिंमत कुणालाच होत नाही, ‘डिस्क-सीडीरॉम-रिकामी’ काढावी की नाही हे कुणालाही ठरवता येतं.

शेकडो फाइली एकदम नीट करायला बसू नका. पुढची क्यूईएमयू आवृत्ती येण्याआधी तीन गोष्टी होतील: टोपणनावांचं रूपांतर टेस्टमधून काढणं, कराराची फाइल लिहिणारा गाळणारा कोड, आणि दोन पायऱ्यांच्या चार-पाच टेस्ट. ते झालं की जुन्या आवृत्तीच्या शेवटच्या कमिटवर कराराच्या फाइली तयार करून साठवा आणि मगच आवृत्ती वाढवा. त्यानंतर जो डिफ येईल त्यातल्या कराराच्या फाइलींमधले बदल मला पाठवा, आउटपुटचे नकोत. त्यात जुन्या मशीनच्या ओळी असतील तर कोणत्या, ते पाहून पुढचं सांगतो.